सोसायटीच्या रंगकामावरचा मुलगा उन्हानं कोसळला. कामाची वेळ नक्की ठरवतं कोण?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

आमची सोसायटी कर्वेनगरात, ८४ फ्लॅट, तीन विंग. बारा वर्षांनी बाहेरचं रंगकाम काढलंय. मी सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायचा मान माझा.

परवा बुधवारी दुपारी पावणेतीनला सी विंगच्या पश्चिमेच्या भिंतीवर झुल्यावर काम करणारा एक मुलगा खाली उतरला आणि पार्किंगच्या खांबाला टेकून बसला. वय बावीस-तेवीस. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाला, "मेरी साइकिल किसने ली?" त्याच्याकडे सायकल नाहीच, सगळे टेम्पोतून येतात. परत तेच विचारलं. मग उठायला गेला आणि आडवाच झाला. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम. घाम मात्र निथळत होता, त्यामुळे मला वाटलं उष्माघात नसणार, काहीतरी खाण्यातलं असेल.

आमचे वॉचमनकाका बागेचा पाइप ओढत आले. पाइपातलं पाणी उन्हानं कढत झालेलं. ते त्यांनी आधी कुंडीत सोडून दिलं, बोटाला गार लागल्यावर मग त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर धरलं. मी शहाणा मागून ओरडतोय, अहो न्यूमोनिया होईल त्याला! १०८ ची गाडी येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी पाइप सोडला नाही. मुलगा आता हॉस्पिटलात आहे, शुद्धीवर आहे. किडनीच्या तपासण्या चालू आहेत.

झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. वर्क ऑर्डर मी टाइप केली होती. काम सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दुपारी २ ते ४ घासकाम, ठोकाठोक, ड्रिल बंद (ज्येष्ठ सभासदांची वामकुक्षी). कामगारांनी लिफ्ट वापरू नये, पार्किंगमध्ये आडवं होऊ नये, क्लब हाउसचं टॉयलेट वापरू नये. जनरल बॉडीत एकमतानं पास झालेली कलमं आहेत ही. आवाजाचं काम २ ते ४ बंद, म्हणून ठेकेदार बिनआवाजाचं काम, म्हणजे रोलर, नेमकं त्या दोन तासांत काढतो. आम्ही पडदे ओढून झोपलेलो आणि पोरगं तापलेल्या भिंतीसमोर लटकलेलं.

रविवारी तातडीची सभा बोलावली आहे. नक्की काय बदलावं, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

ओसरी

बापरे. मुलगा बरा होवो. आमच्या आजोबांच्या वेळी शेतावर जाणारा माणूस खिशात कांदा ठेवायचा. साधे उपाय आपण विसरलो.

---

लंबक

तापमान किती होतं? "चाळीस" असं सगळे म्हणतात, पण कुठलं चाळीस? शिवाजीनगर, लोहगाव आणि कोरेगाव पार्क यांच्या आकड्यांत एकाच दुपारी दोन-तीन अंशांचा फरक असतो. शिवाजीनगरचा आजवरचा उच्चांक ४३.३ आहे, ३० एप्रिल १८९७ चा. म्हणजे पुण्यात ऊन आजच आलं असंही नाही.

---

कर्वेनगरी

@लंबक, माझ्या मोबाइलवर ३९ दाखवत होतं. भिंतीवर किती होतं ते मोबाइलला विचारलं नाही.

---

लंबक

नेमका तोच मुद्दा होता माझा, चिडू नका. वेधशाळेचं तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतं, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत. सिमला ऑफिसचा (म्हणजे पुणे वेधशाळेचा) आकडा हा सावलीतल्या हवेचा आकडा. उन्हात उभ्या माणसाला तीच हवा आठ-आठ अंशांनी जास्त जाणवू शकते, आणि समोर दुपारचं ऊन प्यालेली सिमेंटची भिंत असेल तर तिची धग वेगळी. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करताना ४० चा टप्पा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असा हिशोब बघतं. ३९ ला लाट नाही, इशारा नाही, बातमी नाही. झुल्यावरच्या माणसासाठी मात्र लाट कधीच आलेली असते.

---

डॉ_पिंपळपान

मी फिजिशियन आहे, एप्रिल-मे मध्ये असे पेशंट बघते. पहिल्यांदा त्या वॉचमनकाकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे केलं तेच बरोबर होतं, आणि तुम्ही ओरडत होतात ते चूक.

"घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हा गैरसमज फार पसरलाय. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा कातडी बहुतेक कोरडी असते. राबणाऱ्या तरुणाला होतो तेव्हा तो घामानं भिजलेलाही असू शकतो. घाम बघू नका, डोकं बघा. गरम अंग आणि असंबद्ध बोलणं, तोल जाणं, उगाच चिडणं, नसलेली सायकल शोधणं, यातलं काही दिसलं की तो उष्माघात आहे असंच धरून चालायचं. शरीराचं आतलं तापमान ४० च्या पुढे गेलेलं असतं आणि मेंदू, लिव्हर, किडनी अक्षरशः शिजायला लागतात. म्हणून आधी गार करायचं, मग हलवायचं. गाडीची वाट बघत नुसता वारा घालत बसण्यात जी मिनिटं जातात ती परत मिळत नाहीत. पाइप, बादल्या, पाण्याचं टिपाड, जे असेल ते. बर्फ असला तर मान, काखा, जांघा. गार पाण्यानं न्यूमोनिया होत नाही.

शुद्धीत नसलेल्याला तोंडानं पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाईल. क्रोसिनही नको. हा ताप जंतूंचा नाही, त्या गोळीनं उतरत नाही, आणि लिव्हरवर आधीच ताण असतो.

किडनीची तपासणी अशासाठी की उष्णतेनं स्नायू फुटतात आणि त्यातलं प्रथिन किडनीत जाऊन अडकतं. लघवीचा रंग चहासारखा झाला होता का, विचारा.

आणि एक विचारते. हा मुलगा नुकताच कामावर आला होता का? गावाहून वगैरे?

@ओसरी, कांदा भाकरीबरोबर जरूर खावा. खिशात ठेवला तर खिशाला वास येतो, एवढाच गुण.

---

कर्वेनगरी

डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं? होळीला गावी गेला होता, बिहारमध्ये. तीन आठवड्यांनी परतला. सोमवारी कामावर आला, बुधवारी पडला.

---

डॉ_पिंपळपान

बहुतेक वेळा अशीच हकिकत निघते. उन्हात मरणाऱ्या कामगारांत पहिल्या काही दिवसांतले फार असतात.

अंगाला उन्हाची सवय होते म्हणजे आत खरोखर बदल घडतात. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. याला एक ते दोन आठवडे लागतात. आणि आठवडाभर काम सुटलं की ती सवय उतरायला लागते. तुमचा मुलगा तीन आठवड्यांनी आला, त्यातून रेल्वेच्या जनरल डब्यातला दोन दिवसांचा प्रवास, झोप नाही, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी.

अमेरिकेत निओश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर काम करते. त्यांचा हिशोब असा: नवख्याला पहिल्या दिवशी उन्हातलं २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. काम येतंय पण खंड पडलाय अशा जुन्याला ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १००. आपल्याकडे उलटं चालतं. सुट्टीवरून आलेल्याला मुकादम म्हणतो, खूप आराम झाला, आता भरून काढ.

---

आगाऊ_कार्टं

दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याबद्दल ज्या शहराला अख्खा महाराष्ट्र हसतो, त्या शहरात दुपारी १ ते ४ कामगार झुल्यावर. पाटी लावा: "वामकुक्षी फक्त सभासदांसाठी."

---

रोलर_पत्रा

मी रंगाची कामं घेतो, अठरा वर्षं झाली. बऱ्याच जणांच्या बोटाला आता "ठेकेदार, ठेकेदार" शिवशिवत असेल, म्हणून आधीच लिहितो.

सोसायटी तीन कोटेशनं मागवते आणि सगळ्यात खालचं उचलते. मग त्यातही "जरा बघा की" म्हणून पाच टक्के पाडून घेते. पावसाच्या आत काम संपलं पाहिजे, नाहीतर दंड. या सगळ्यात दुपारची सुट्टी मी कुठून काढू? मी काम उक्तं देतो, पोरांना फुटावर पैसे. जो बसला त्याचं बुडालं. मी स्वतः खाली उभं राहून "बस रे दोन तास" म्हटलं तरी बसत नाहीत. "सेठ, बैठने का पैसा देगा क्या?" असं तोंडावर विचारतात. काय उत्तर देऊ?

वर पाणी न्यायचं तर झुला खाली घ्यावा लागतो, दहा मिनिटं जातात. लघवीला जायचं तर तुमचं टॉयलेट बंद. म्हणून पोरं पाणीच कमी पितात. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही.

आता कामाची गोष्ट सांगतो. तापलेल्या भिंतीवर रंग मारायचाच नसतो. रोलर फिरेपर्यंत सुकतो, पट्टे दिसतात, पुढे पापुद्रे सुटतात. जुने मेस्तरी सावलीमागं फिरायचे, सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारी पूर्वेची. सी विंगला दुपारी पावणेतीनला पश्चिमेला माणूस चढवला ही ठेकेदाराची चूकच. पण झुला एका बाजूचा दुसऱ्या बाजूला बांधायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्या वेळाचे पैसे कुणाच्याच हिशोबात धरलेले नसतात.

---

कर्वेनगरी

@रोलर_पत्रा, मनापासून धन्यवाद. कोटेशन पाच टक्के मीच पाडून घेतलं होतं. त्याबद्दल सभेत टाळ्या मिळाल्या होत्या.

---

दोहारिटर्न

सिव्हिल इंजिनियर, नऊ वर्षं कतारमध्ये होतो, आता हिंजवडीच्या बाजूला एका साईटवर.

तिकडच्या कामगारांचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे आरती ओवाळत नाही. पण २०२१ पासून एक नियम आला: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय वेळ कुठलीही असो, डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) ३२.१ च्या वर गेला की काम थांबवायचं. हा नुसता पारा नव्हे. ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या हवेला फक्त १० टक्के. घाम सुकतो की नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ओल्या फडक्याला मोठा वाटा. अमेरिकी मरीन सैनिकांच्या ट्रेनिंगमध्ये पोरं कोसळायला लागली तेव्हा १९५० च्या दशकात काढलेली ही रीत आहे. मीटर हातात मावतो.

इकडे परत आल्यावर पहिल्या एप्रिलमधली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. स्लॅब होता, पारा चाळिशीच्या पुढे. आपल्याकडे काँक्रीटसाठी आयएस ७८६१ आहे, ४० अंशांच्या वर काम करताना काय काळजी घ्यायची ते सगळं त्यात लिहिलंय. थंडीसाठी वेगळा भाग, ५ अंशांच्या खाली. त्याप्रमाणे आम्ही खडीवर पाणी मारलं, खडी सावलीत ठेवली, मिक्सिंगच्या पाण्यात बर्फ टाकला, मिक्सर गाडी आली की काँक्रीटमध्ये तापमापक खुपसून नोंद केली. दुसऱ्या दिवशी क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं राहावं म्हणून, स्लॅबवर ओली गोणपाटं. दुपारी वर गेलो तर एका बाईनं त्यातलं एक गोणपाट उचलून डोक्यावरून पांघरलं होतं आणि कडेला बसली होती. सुपरवायझर तिच्यावर ओरडला, "क्युरिंगचं आहे ते, ठेव!"

काँक्रीटचं तापमान लिहायला आमच्याकडे रजिस्टर होतं.

---

ओसरी

हे गोणपाटाचं वाचून काही सुचेना.

---

नियमित_करदाता

भावना ठीक आहेत, पण कायदेशीर बाजू बघा. कामगार ठेकेदाराचे. विमा, पाणी, सावली सगळं त्याची जबाबदारी. आपण एकदा सुट्टीचे पैसे द्यायला लागलो की उद्या जबाबदारीही आपल्याच गळ्यात. मेंटेनन्स आधीच वाढलाय.

---

भट्टीवाला

@नियमित_करदाता, एक हिशोब मांडा बघू. धागाकर्ते, तुमच्याकडे माणसं किती आणि दिवस किती राहिलेत?

मी भोसरीत फाउंड्रीत सुपरवायझर. आमच्याकडे रस (वितळलेलं लोखंड हो, उसाचा नव्हे) चौदाशे अंशांच्या आसपास असतो. ओतणाऱ्याच्या अंगावर चंदेरी एप्रन, पायात जाड बूट, तोंडासमोर काच. म्हणजे घाम सुकायला जागाच नाही. पूर्वी आमच्याकडे मिठाच्या गोळ्यांची बरणी असायची, पोरं पटापट गिळायची आणि उलट्या करायची. आता ताक आणि लिंबू सरबत. मोठे पंखे आहेत, मॅन कूलर म्हणतो आम्ही. पण मे महिन्यात शेडमधली हवाच इतकी तापते की कोरड्या अंगावर तो पंखा म्हणजे तोंडावर धरलेला हेअर ड्रायर. अंग ओलं करून समोर उभं राहिलं तर उपयोग.

फरक कशानं पडला सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्यात दोघं एकाच आठवड्यात पडले. त्यानंतर ओतकामाला एक माणूस जास्तीचा घेतला. चौघांच्या कामावर पाच जण, एक जण सतत बाहेर झाडाखाली, आळीपाळीनं. त्याची हजेरी पूर्ण. मालकांना वाटलं होतं पगाराचा खर्च वाढेल. खर्च वाढलाच. पण सांडलेला रस, फुकट गेलेले साचे आणि दुपारनंतरचे खाडे कमी झाले, त्यामुळे पुढं त्यांनी तो विषय काढला नाही. आमच्याकडे पाणी आधीही होतं, सावलीही होती. बसलेल्या माणसाची हजेरी लागायला लागली तेव्हा माणसं बसायला लागली.

कायद्याचं म्हणाल तर जुन्या, १९४८ सालच्या कारखाना कायद्यात कलम १८ होतं, अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी द्या म्हणून. दोनशे एकोणपन्नास माणसांना तहान लागत नसावी.

---

कर्वेनगरी

@भट्टीवाला, माणसं ९. अजून २५ दिवसांचं काम. ठेकेदाराशी बोललो, आठ तासांचे सरासरी ८०० पडतात म्हणाला. म्हणजे तासाला १००. रोज दोन तास सुट्टी, नऊ जणांची: १,८००. पंचवीस दिवसांचे ४५,०००. भागिले ८४. फ्लॅटमागे ५३६ रुपये.

मी तीनदा गुणाकार करून बघितला.

---

आगाऊ_कार्टं

रंग कुठला लावायचा, "ऑफ व्हाइट" की "आयव्हरी", या वादापायी तुमच्या दोन सभांत चहा-समोशावर किती गेले ते पण काढा लगे हात.

---

सहाची_हजेरी

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई रस्ता झाडायच्या कामाला आहे. सकाळी सहाला हजेरी, म्हणून हे नाव. रोलर_पत्रा यांनी टॉयलेटचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आई घरून निघताना पाणी पीतच नाही. मुतारी कुठंय, उघडी आहे का, आत पाणी आहे का, हे तिच्या बीटमधल्या बायकांना गल्लीनिशी पाठ आहे. दोन ठिकाणी दुकानदार ओळखीचे, तिथं जाता येतं, पण रोज रोज विचारायची लाज वाटते म्हणते. दरवर्षी एप्रिलमध्ये तिला लघवीची जळजळ सुरू होते. डॉक्टर म्हणतात पाणी प्या. ती हो म्हणते.

थंडीत वेगळं. डिसेंबरात सहा वाजता अंधार, नदीकाठचा रस्ता. हातमोजे मिळतात ते ओल्या कचऱ्यानं दहा मिनिटांत भिजतात, आणि ओला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट. बोटं पांढरी पडतात, खराट्याची मूठ धरवत नाही. मग बायका पालापाचोळा पेटवून हात शेकतात आणि कुणीतरी फोटो काढून प्रदूषणाची तक्रार करतं. तक्रार बरोबरच आहे हो. पण हात पण खरे असतात.

क्लब हाउसचं टॉयलेट उघडा. ५३६ रुपये नंतर.

---

डॉ_पिंपळपान

@सहाची_हजेरी, खूप महत्त्वाचं लिहिलंत. पाणी कमी आणि घाम जास्त हे वर्षानुवर्षं चाललं की किडनी कायमची जाऊ शकते. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, ना मधुमेह ना बीपी अशा तरुण ऊसतोड कामगारांच्या किडन्या निकामी झाल्या. उन्हातले कष्ट आणि पाण्याचा तुटवडा हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडचे ऊसतोडवाले मला त्या वेळी आठवले होते.

पाण्याचं प्रमाण विचारलंय काही जणांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात). उन्हात राबताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक भांडं, तहान लागायची वाट न बघता. पण तासाला दीड लिटरच्या वर नको, नुसतं पाणी ढोसत गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. काही तास घाम गेला असेल तर मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपीसाठी लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि रात्री दारू घेतलेल्यांनी जास्त जपायचं. मुकादमानं हे सकाळीच विचारावं, ओरडून नव्हे, बाजूला घेऊन.

---

उणे_वीस

चाकणच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजमध्ये लोडिंगला आहे. नाव सांगत नाही. आत उणे २०, बाहेर सध्या ४०. ट्रक भरताना दिवसातून तीस वेळा आत-बाहेर.

लोकांना वाटतं उन्हाळ्यात मजा आहे याची. बाहेर घाम येतो, बनियन भिजतं, तसंच आत गेलं की ते बनियन पाठीला गार पत्र्यासारखं चिकटतं. जॅकेट तिघांत एक. आधीचा माणूस काढतो आणि मी घालतो, त्याच्या घामानं आतून ओलं. बोटं बधिर झाली की खोका निसटतो, मागच्या महिन्यात माझ्याच पायावर पडला.

---

दिघीकर

मी ग्रेफमधून निवृत्त, दिघीलाच स्थायिक. बॉर्डर रोड्समध्ये बरीच वर्षं लडाखला काढली.

@उणे_वीस, बाळा, ओलं बनियन हाच थंडीतला खरा शत्रू. दोन जादा बनियन पिशवीत ठेव, आत जाण्याआधी बदल. सुती नको, जमलं तर लोकरीचं किंवा त्या खेळाडूंच्या कापडाचं. आणि जॅकेट प्रत्येकाला वेगळं मागा, तिघं मिळून मागा.

रस्त्याच्या कामाला आमच्याकडे झारखंडातल्या दुमक्याची माणसं यायची. उन्हाळ्यात घरी पंचेचाळीस अंशांत राहिलेली, आणि इकडे सकाळी पाणी गोठलेलं. नवी तुकडी आली की पहिले काही दिवस काम नाही, नुसतं राहायचं आणि हळूहळू चालायचं, उंचीसाठी. डॉक्टरीणबाईंनी उन्हाच्या सवयीचं लिहिलं ते वाचताना हेच आठवलं. फरक एवढाच की आमच्याकडे ते सक्तीचं होतं आणि त्या दिवसांची हजेरी मिळायची.

थंडीतही आधी डोकं जातं. शरीर ३५ च्या खाली उतरलं की माणूस विनाकारण भांडतो, जीभ जड होते, कोटाचं बटण लावता येत नाही. एक जण माझ्याशी बेलचा कुठे ठेवला यावरून भांडत होता आणि बेलचा त्याच्याच हातात होता. ती तुमच्या मुलाची सायकल वाचली आणि तो चेहरा डोळ्यांसमोर आला. अशा माणसाला आपल्याला काही होतंय हे स्वतःला कळत नाही. म्हणून आमच्यात जोडी असायची. दर थोड्या वेळानं जोडीदाराच्या नाका-गालाकडे बघायचं. पांढरा डाग दिसला की काम बंद, आत. चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही. कोमट पाण्यात, आणि तेही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच. रमनं ऊब येते ती कातडीला. आतली उष्णता उलट बाहेर जाते. हे सांगून कुणी ऐकत नसे, ते सोडा.

झुल्यावर दोघं असतात ना? दोघांना एकमेकांचा चेहरा बघायला शिकवा. फुकट आहे.

---

लंबक

दिघीकर काका, __/\__ . अवांतर: पुण्याची नीचांकी नोंद १.७ आहे, १७ जानेवारी १९३५. त्या पहाटे रस्ते झाडणारेही असतीलच.

---

दोहारिटर्न

सभेसाठी दाखले हवे असतील तर: अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यात शेकड्यांनी माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. केरळात कामगार खातं उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ उघड्यावरचं काम बंद ठेवायचा आदेश काढतं. तेव्हा "असं कुठं असतं का" असं कुणी म्हणालं तर असतं.

---

कर्वेनगरी

रविवारची सभा झाली. अडीच तास. वृत्तांत देतो.

वेळ बदलली. सकाळी साडेसहा ते साडेअकरा, मग दुपारी चार ते सात. "सकाळी आवाज" यावर अर्धा तास गेला. तोडगा रोलर_पत्रा यांनी व्यनित सुचवला होता: घासकाम आठनंतर, साडेसहा ते आठ फक्त रोलर, त्याचा आवाज कबुतराएवढाही नसतो. सकाळी पश्चिम, संध्याकाळी पूर्व. झुला हलवायचा वेळ हजेरीत धरायचा.

५३६ रुपये मंजूर. विरोधात अकरा मतं. एका काकांनी हिशोबात चूक काढायचा प्रयत्न केला, मग म्हणाले माझे दोन फ्लॅट आहेत, मला १,०७२ पडणार. पडणार, काका.

गावाहून आलेल्यांना पहिले चार दिवस कमी काम. हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं, आकड्यांसकट. टॉयलेट उघडलं. त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला, पैशांपेक्षाही. शेवटी एका आजींनी विचारलं की तुमच्याकडे प्लंबर येतो तो काय घरी जातो का, मग शांतता. पार्किंगमध्ये दोन माठ आले. माठात वाळा घालायचा की नाही आणि घातल्यास तो सिंकिंग फंडातून की रोजच्या खर्चातून, हे पुढच्या सभेवर.

वॉचमनकाकांना डॉक्टरांचा नमस्कार सांगितला. म्हणाले, "गावाकडं म्हस पडली उन्हानं की असंच करत्यात."

---

रोलर_पत्रा

साहेब, पुढच्या वेळी कोटेशन मागवाल तेव्हा सुट्टीचे पैसे धरून द्या असं पहिल्या ओळीत लिहा. तिघांनाही लिहा. मग आम्ही एकमेकांच्या खाली जाणार नाही.

---

नियमित_करदाता

माझा विरोध तत्त्वतः कायम आहे. पण टॉयलेटबद्दल मान्य.

---

सहाची_हजेरी

मुलगा कसा आहे?

---

कर्वेनगरी

काल डिस्चार्ज मिळाला. किडनीचे आकडे उतरलेत, पण दोन महिने उन्हातलं काम नको म्हणालेत. ठेकेदार त्याला गोडाऊनला रंग मिसळायच्या कामावर घेतोय, तेवढ्यापुरती हजेरी तीच. भेटायला गेलो तेव्हा त्याला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. मी सायकलचं विचारलं, तर हसला. सायकल आहे खरी, गावी. लाल. धाकटा भाऊ शाळेत घेऊन जातो.